कासेत सोडलेली धार

मला बघायला आले तेव्हा चार गोष्टी विचारल्या होत्या. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, पुढे नोकरी करायची आहे का, आणि धार काढता येते का. तीन प्रश्नांना मी खरी उत्तरं दिली. चौथ्याला मी म्हणाले, "नाही. आमच्याकडे गडी होता."

गडी कुठला आलाय. अक्कलकोटच्या पुढे, सीमेला लागून असलेल्या आमच्या गावात वडिलांच्या दारात दोन म्हशी आणि एक गाय होती, आणि आठवीत गेल्यापासून पहाटेची धार माझ्याकडे होती. कॉलेजला बसने सोलापुरात यायचे तेव्हा साबण लावून लावून हात धुवायचे, तरी शेजारी बसलेली मुलगी नाक मुरडायची. तेव्हाच ठरवलं होतं की लग्न शहरात करायचं, नोकरी करायची आणि जनावराच्या कासेशी पुन्हा म्हणून बसायचं नाही. प्रश्न विचारणारी बाई म्हणजे माझी होणारी सासू. तिनं माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं आणि बशीतला चहा संपवला. लग्न ठरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी अकरा वर्षं झाकलेली राहिली.

गाय म्हटलं की लोकांचे हात आपोआप जोडले जातात. ज्यांना ती पाळावी लागत नाही त्यांचे जोडले जातात. मला गाय म्हटलं की मुतात भिजलेल्या शेपटीचा तोंडावर बसलेला फटका आठवतो.

जुळे सोलापुरात आम्ही आठ वर्षं फ्लॅटमध्ये काढली. नवरा चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर, कधी पहिली पाळी, कधी रात्रीची. मी एका खासगी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. कॉलन्या जिथं संपतात त्याच्याही पुढं दहा गुंठे जागा घेतली, तीन खोल्या बांधल्या, बोअर पाडलं. मागं मोकळी जागा उरली. मोकळी जागा दिसली की माझ्या नवऱ्याला काहीतरी सुचतं. आधी शेवगा लावून झाला. मग कोंबड्या आणल्या, त्या मुंगसानं नेल्या.

त्याच वर्षी सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या. उजनीच्या पाण्याकाठी त्यांचं गाव, तिथं थोरल्या दिरांची केळी आणि ऊस. थोरल्या जावेशी त्यांचं फाटलं आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन त्या आमच्या दारात उतरल्या. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. हाक गोड आहे. बाकी आमच्यात गोड काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी पिशवीतलं दूध तापवत होते, तर मागं उभ्या राहून म्हणाल्या, "ह्येला दूध म्हनत्यात व्हय? दारात दुभतं न्हाय ते घर कसलं."

नवऱ्याला तेवढंच हवं होतं. त्याच्या मोबाइलवर रोज कोणीतरी पिशवीच्या दुधात काय काय मिसळतात ते पाठवायचं. रात्री जेवताना मायलेक गाईचं बोलायला लागले. मी एकदाच विचारलं, "धारा कोण काढणार?" नवरा म्हणाला, "मी शिकतो की. नाहीतर आई आहे." आत्या भाकरी मोडत राहिल्या.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही गाय बघायला निघालो. शेजारी एक मुसलमान कुटुंब राहतं, त्यांचा माल वाहतुकीचा टेम्पो आहे. तो टेम्पो आणि त्या घरचे भाई आमच्याबरोबर आले. गाय होती माझ्याच माहेरच्या बाजूला, आमच्या गावापासून दोन गावं अलीकडे. तांबडी जर्सी, कपाळावर पांढरा चट्टा, कास अशी भरलेली की नवरा तिच्याकडे बघून हसायलाच लागला.

आत्यांनी वाटेत चारदा बजावलं होतं, "दोन टायमाची धार बघायची, मगच हात घालायचा." त्यांचं बरोबर होतं. विकणारा आदल्या वेळेची धार काढतच नाही. कास तुंबून मोठी दिसते, बादली भरते, घेणारा खूश होतो. दुसऱ्या वेळेची धार बघितली की खरं दूध कळतं. पण नवऱ्याची सोमवारी पहिली पाळी होती. "आई, तुझं काहीतरीच. एवढी चांगली माणसं आहेत," असं म्हणून त्यानं एकाच धारेवर मान डोलावली. माणसं चांगली आहेत हे त्याला त्यांच्या चहावरून कळलं होतं.

गव्हाणीजवळ दोन खुंट होते. एका खुंटाला गाय, दुसऱ्याला नुसतं दावं. भाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाभी, इसका बछडा किदर है?" तेवढ्यात गायवाला त्याच्या बायकोला कानडीत म्हणाला, वासरू मेलेलं सांगू नको. मला कानडी घरच्यासारखं येतं. मी ऐकलं आणि समोरच्या बाभळीकडे बघत उभी राहिले. मनात म्हटलं, फसू देत. एकदा चांगले फसले की गाईचं नाव काढणार नाहीत. एवढा शहाणपणा मी केला.

त्या बाईनं घमेल्यात आंबोण आणलं. सरकीची पेंड आणि गव्हाचा भुसा भिजवून केलेलं. गाईनं त्यात तोंड घातलं आणि पान्हा सोडला. "आंबोनावर दूध देती," गायवाला म्हणाला, "वासराचा नाद न्हाय हिला." नवऱ्याला हा गुण वाटला.

अंधार पडायच्या आत आम्ही घरी पोचलो. टेम्पोतून उतरवल्यापासून गाय हंबरत होती. वाटेत उशीर झाला होता, धारेची वेळ टळत होती, कासेवर शिरा उठल्या होत्या. नवऱ्यानं मोबाइल विटेला टेकवून ठेवला आणि त्यात बघून बसला. त्यानं सड असं ओढलं की गाईनं बादली सरळ कुंपणापर्यंत घालवली. दुसऱ्यांदा लाथ त्याच्या मांडीवर बसली. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं म्हणायची त्याची सोय नव्हती, कारण दूध एक थेंब निघालं नव्हतं. मग आत्या बसल्या. दोन्ही हात पुढं केले, बोटं वळवून बघितली आणि पदराला पुसत उठल्या. "माज्या बोटांत आता जोर न्हाय रं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता दावणीला टेकून उभ्या राहिल्या.

गाय हंबरतच होती. ज्यानं तुंबलेली कास कधी हातात धरली नाही त्याला तो आवाज नुसता आवाज वाटतो. मला तो सहन होईना. मी पदर खोचला, कोमट पाण्यानं कास धुतली, बादली गुडघ्यांत धरली आणि बसले. अंगठा दुमडून मूठ वळली तशी पहिली धार बादलीच्या बुडाशी वाजली. फेस बादलीच्या काठाला आला तेव्हा मी मान वर केली.

"तुला येतं?" नवरा म्हणाला.

"येकच हात लागतो जनावराला," आत्या म्हणाल्या. "पयला हात जेचा बसला त्येचा. आता तुझाच." आणि घरात गेल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ते दोन्ही हात दाखवून केलं.

फेस बसल्यावर बघितलं तर दूध गायवाल्यानं दाखवलेल्याच्या निम्मंच होतं. एकच धार बघून घेतलेल्या गाईचं जे होतं तेच. नवरा म्हणाला, प्रवासानं दमली असेल. आत्यांनी गाईचं नाव ठेवलं. ते नाव मी आजवर तोंडातून काढलेलं नाही.

माझी नोकरी काही फार मोठी नव्हती. फीच्या पावत्या, दाखले, हजेरीपट. पण सहा वर्षं तात्पुरती म्हणून काढल्यावर येत्या जूनमध्ये कायम करायचं ठरत होतं. त्या ऑफिसात मला सगळे मॅडम म्हणायचे, माझं टेबल होतं, टेबलाला खण होता आणि खणाची किल्ली माझ्याकडे होती. मला आयुष्यात एवढंच हवं होतं, आणि ते हवं होतं असं म्हणायला मला लाज वाटत नाही. शाळेची पिवळी बस सात दहाला कोपऱ्यावर यायची. ती चुकली तर दोन रिक्षा बदलून जावं लागायचं. सात पंचेचाळीसच्या आत मशीनवर अंगठा ठेवायचा, नाहीतर लेट.

गाय आल्यापासून मी साडेचारला उठायला लागले. शेण काढायचं, आंबोण ठेवायचं, धार काढायची, मग डबे, मग आंघोळ. पहिल्याच महिन्यात चार लेट लागले. दुसऱ्या महिन्यात मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. "मॅडम, काम चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या, "पण कमिटी रेकॉर्ड बघते. असंच चाललं तर जूनमध्ये मी तुमचं नाव कसं पाठवू?" बाहेर आले तर शिपाई बाई दुसरीला सांगत होती की मॅडमच्या अंगाला वास येतो. खोटं नव्हतं ते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, अर्ध्या तासाचं तर काम आहे." मी म्हटलं, तुम्ही करा. तो म्हणाला, "मला ती जवळ येऊ देत नाही, तुला माहितीये." मी म्हटलं, मग विका. त्यानं दरवाज्याकडे बघितलं. तिकडून आत्यांचा आवाज आला, "ह्या घरात माजं म्हनून काय हाय? येक ट्रंक आन् येक गाय. गाय इकायची आसंल तर ट्रंकबी काढा भायेर." नवरा रात्रपाळीला निघून गेला. भांडण सुरू झालं की त्याची पाळी नेमकी रात्रीची असते.

त्या रात्री मी पडल्यापडल्या वडिलांचं एक वाक्य आठवून काढलं. ते मला धार शिकवताना म्हणायचे, शेवटची धार कासेत सोडायची नाही. सोडली की गाईला वाटतं एवढं दूध कुणाला नको आहे. मग ती तेवढं बनवत नाही, आणि हळूहळू आटते. आटलेली गाय कुणी दारात ठेवत नाही. माझ्या नवऱ्यानंही ठेवली नसती, आणि आत्यांनाही भाकड गाईसाठी ट्रंक बाहेर काढता आली नसती.

दुसऱ्या दिवसापासून मी शेवटची धार सोडायला लागले. जोराच्या धारा संपल्या, सड मऊ पडायला लागली की उठायचे. अजून भांडंभर तरी दूध आत असायचं. सांगायला शाळेची घाई होतीच. वासरू असतं तर त्यानं ते पिऊन टाकलं असतं, पण वासरू नव्हतं. ते मेलं होतं आणि मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं. असं लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं होतं.

आठवड्यात दूध थोडं उतरलं. मी आनंदले. मग ते जिथं उतरलं तिथंच थांबलं. पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले, बादलीवरची रेघ हलेना. मी अजून थोडं जास्त सोडायला लागले, तरी गाय आपली तशीच, कान हलवत रवंथ करत उभी. मला वाटायला लागलं की ही मुद्दाम करतेय. गाईवर असा संशय घेण्यापर्यंत माझं डोकं गेलं होतं.

एका रविवारी भाईंची सून दारात आली. बाळंतपण होऊन सहा महिने झालेले, कडेवर पोर. तिच्या हातात आमची पितळेची लोटी होती. "अम्मा की लोटी," ती म्हणाली. "रोज भेजते ना दूध. इत्ता गाढा रहता, पानी डाल को देती मैं बच्चे को."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पहाटे साडेचारला उठून मी राबते, माझे लेट लागतात, आणि आत्या माझ्या मागं दूध वाटून मोठ्या होतात. नवरा अंगणात मोटरसायकल पुसत होता. मी त्याच्यासमोर, शेजारच्या सुनेला ऐकू जाईल असं म्हटलं, "विचारा तुमच्या आईला. चोरून दूध देतात रोज. म्हणूनच पुरत नाही घरात."

आत्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता सगळं बाहेर येणार, थोरल्या जावेपासून सगळं. त्या फक्त म्हणाल्या, "व्हय. देते."

"आई, द्यायचं तर सांगून दे की," नवरा म्हणाला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि सूप परत मांडीवर घेतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना गप्प केलं होतं. दिवसभर मी गाणं गुणगुणत होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी बसच्या कोपऱ्यावर पोचले आणि लक्षात आलं की खणाची किल्ली घरी राहिली. बसला पाच मिनिटं होती. पळत परत आले, पुढच्या दाराला आतून कडी होती, म्हणून मागून गेले.

आत्या गाईखाली बसल्या होत्या. पितळेची लोटी गुडघ्यांत. डावा हात गाईच्या पोटाला टेकवलेला, उजव्या हाताची बोटं सडाभोवती एकेक करून बसवत होत्या. अंगठा वळत नव्हता. तो दुसऱ्या हातानं दाबून वळवायच्या, मग ओढायच्या, मग हात तसाच धरून थोडा वेळ थांबायच्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा नेहमीसारखाच कठीण होता. एकाच हाताची गाय म्हणतात ती त्यांच्या पुढं शांत उभी होती.

"तुमची बोटं वळत नव्हती ना?" मी म्हणाले.

त्या दचकल्या नाहीत. "वळत न्हाईत. वळवाय लागत्यात."

"किती दिवस चाललंय हे?"

"तू सोडाय लागलीस त्येच्या दुसऱ्या दिसापासनं. कासंला हात लावला की कळतं की. मी काय पिशवीतलं दूध पिऊन म्हातारी झाली न्हाय."

लोटीतलं दूध सायीसारखं दाट होतं. शेवटची धार तशीच असते, घट्ट. भाईंची सून मला तेच सांगून गेली होती. मी कासेत सोडलेलं दूध त्या रोज काढत होत्या आणि मी त्यांना चोर म्हटलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा त्या रविवारी त्यांनी बसून ऐकल्या होत्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस व्हय? अकरा वरसं?" त्या म्हणाल्या. "तुला बघाय आलो तवाच तुजा अंगठा बघितला मी. पेरावर घट्टा हुता. त्यो पेन धरून येत न्हाय."

"माहीत होतं तर करून कशाला घेतलीत?"

"धार येनारी सून पायजे हुती मला. खोटं बोलनारी असंना का."

मला भयंकर राग आला. म्हणजे त्या पहिल्या संध्याकाळी दावणीला टेकून त्या माझीच वाट बघत होत्या. गाय हंबरत होती आणि त्या थांबल्या होत्या, मी कधी बसते ते बघत. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "भांडू नंतर. ह्ये पलीकडचं मागलं सड मला उरकत न्हाय. हात पोचत न्हाय आन् वढाय जड हाय. चार दिस झालं. आज कडक लागतंय."

मी वाकून हात लावला. सड गरम होतं. वरची कास आतून गाठीसारखी घट्ट झाली होती. याला आमच्याकडे दगडी म्हणतात. मी एक धार तळहातावर घेतली, दुधात गुठळ्या होत्या. मला दोन दिवस सकाळी तिथं जरा कडक लागलं होतं, आणि घाईत मी ते तसंच सोडलं होतं.

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा एकदा. आत्या सरकल्या. मी पर्स खाली ठेवली, ऑफिसच्या साडीवरच बसले आणि ते सड पिळायला लागले. गाईनं लाथ मारली ती घेतली. बस निघून गेल्याचा आवाज मी ऐकला.

जनावरांचे डॉक्टर दुपारी आले. सडात औषधाची नळी सोडली, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "धार पूर्ण काढत नव्हता का?" नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी गाईचं दावं सारखं करायला लागले.

"माजं चुकलं," आत्या म्हणाल्या. "हिची साळंची घाई. म्हागनं मी बसत हुते. माज्या बोटानं उरकलं न्हाय."

नवरा चिडला, पण आईवर किती चिडणार. डॉक्टर गेल्यावर मी गोठ्यात त्यांना विचारलं की माझं नाव का घेतलं नाही. मला वाटलं होतं आता त्या काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल. तसलं काही झालं नाही. "तुजं नाव घेतलं आसतं तर त्यानं घरात शांतता पायजे म्हनून गाय इकली आसती," त्या म्हणाल्या. "माजं घेतलं तर आईला काय करतोय. तुज्यासाटी न्हाय केलं. गाईसाटी केलं."

"मला वाटलंच," मी म्हणाले.

"वाटाय पायजेच."

पाच दिवस औषध चाललं. गाय वाचली, सड वाचलं नाही. ते वाळून लहान झालं आणि त्यातून पुन्हा कधी दूध आलं नाही.

या सगळ्याला कंटाळून नवऱ्यानंच एके दिवशी बाजारातला एक दलाल घरी आणला. आत्या आत जाऊन बसल्या. मी चहा ठेवला, आणि मला कबूल केलं पाहिजे की साखर नेहमीपेक्षा जास्त घातली. दलाल गाईभोवती फिरला, दात बघितले, मग खाली बसून एकेक सड ओढून बघितलं. चौथ्याला हात लावला आणि लगेच उठला. "तीन सडाची गाय कोन घेतंय, साहेब," तो म्हणाला. "फुकट न्हेली तर खाटकाकडं न्ह्यावी लागंल, आन् त्ये तर आता चालत न्हाय. बांदा हितंच." चहा पिऊन तो गेला. जी गाय जावी म्हणून मी शेवटची धार सोडली होती, ती आता कुठंच जाणार नव्हती. आणि हे माझंच काम होतं, त्यात वाटेकरी कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी मी धारेला बसले तेव्हा आत्या आल्या. शेजारी उभ्या राहिल्या. दार ओढून घेतलं, म्हणजे नवऱ्याला ऐकू जाऊ नये.

"उद्यापासनं सकाळची मी काढते," त्या म्हणाल्या. "तू तुज्या बसनं जा."

"तुमच्यानं उरकत नव्हतं."

"चार उरकत नव्हती. तीन उरकत्यात."

मी धार काढत राहिले. त्या पुढं म्हणाल्या, "संध्याकाळची तुजी. पुरी काढायची. येक थेंब सोडलास तर माज्या लेकाला सगळं सांगते, मग जाऊ दे गाय आन् जाऊ दे ट्रंक."

मी बरं म्हटलं. आमच्यात एवढंच ठरलं. माफी मी मागितली नाही आणि त्यांनीही ती ठेवून घेतली नसती. पहिल्या सकाळी मी त्यांची बोटं शेकायला गरम पाण्याचं घमेलं गोठ्याच्या दारात ठेवून गेले होते. संध्याकाळी विचारलं तर म्हणाल्या, "आंबोनात वतलं. गाईला गार पानी बाधतं." त्यानंतर मी ठेवलं नाही.

फेब्रुवारीपासून माझा एकही लेट नाही. जूनमध्ये ऑर्डर आली, मुख्याध्यापिकांनी स्वतः हातात दिली. घरी पेढे नेले तर आत्यांनी एक उचलला आणि म्हणाल्या, "ह्यो खवा बनावट हाय." मशीन अजून कधीकधी माझा अंगठा पहिल्यांदा ओळखत नाही, संध्याकाळच्या धारेनं पेरावर घट्टा परत आलाय. पुसून पुन्हा ठेवला की दिवा हिरवा होतो. संध्याकाळी मी कासेत थेंब ठेवत नाही. मी उठले की आत्या येतात, वाकून तिन्ही सड चिमटीत धरून बघतात आणि आत जातात. चौथ्याला हात लावत नाहीत.

पहाटे पाचला मला जाग येते, माहेरापासूनची सवय आहे. मागून धारेचा आवाज येतो. दोनतीन धारा वाजतात आणि थांबतात. मग बराच वेळ काही ऐकू येत नाही, कारण बोटं उघडून पुन्हा वळवायला त्यांना तेवढा वेळ लागतो. मग पुन्हा एक धार वाजते. ज्या कामाला मला वीस मिनिटं लागायची त्याला त्यांना तासभर लागतो. मी पांघरूण ओढून तो तासभर ऐकत पडून राहते आणि उठत नाही. एकदा उठले की ती धार पुन्हा माझी होईल, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.